लांडमान्नालॉयगार : लाव्हाच्या कडेचे उष्ण झरे

आइसलँडच्या दक्षिण भागातील निर्जन पठारी प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर लांडमान्नालॉयगार हे ठिकाण आहे. 'लांड परगण्यातील लोकांची स्नानकुंडे' असा या नावाचा अर्थ. डोंगरात चरावयास सोडलेल्या मेंढ्या शरद ऋतूत गोळा करणारे मेंढपाळ शतकानुशतके येथे मुक्काम करीत. १९७९ पासून हा परिसर राखीव निसर्गक्षेत्र आहे.

रंगांचे रहस्य

उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही भूपट्टे आइसलँडमध्ये दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटरने दुरावत आहेत. देशात सर्वत्र काळा बेसॉल्ट आढळतो. येथे मात्र तॉर्फायोकुल ज्वालामुखीने सिलिकायुक्त, फिकट रंगाचा रायोलाइट खडक निर्माण केला. भूगर्भातील वाफ आणि गंधक यांच्या क्रियेने त्यावर पिवळ्या, तांबड्या व हिरव्या छटा उमटल्या आहेत. ब्रेनिस्टेन्साल्डा, म्हणजे 'गंधकाची लाट', हा डोंगर त्याचा उत्तम नमुना होय. त्याच्या पायथ्याशी लॉयगाह्रॉइन हे लाव्हाक्षेत्र पसरले आहे. १४७७ च्या सुमारास झालेल्या उद्रेकातील या लाव्हात काचेसारखा काळा ऑब्सिडियन चमकतो.

स्नानाचे कुंड

याच लाव्हाच्या कडेखालून उष्ण पाणी बाहेर पडते. थंड झऱ्याशी मिसळल्याने ते स्नानायोग्य कोमट होते. मात्र प्रत्येक झरा असा सौम्य नाही. वाफेच्या विवरांजवळील पाणी उकळते असते आणि भोवतीची जमीन पाऊल टाकताच खचू शकते. त्यामुळे आखलेली पायवाट सोडणे धोक्याचे ठरते.

या भूमीलाही माणसापासून तितकाच धोका आहे. उन्हाळा अल्पकाळाचा असल्याने शेवाळ अत्यंत सावकाश वाढते. चाकांनी उमटवलेले ओरखडे भरून येण्यास अनेक दशके लागतात. म्हणूनच आइसलँडमध्ये रस्ता सोडून वाहन चालविण्यास कायद्याने बंदी आहे.

कसे जाल?

राजधानी रेक्याविकपासून हे अंतर सुमारे १९० किलोमीटर आहे. डोंगरी रस्ते साधारणतः जूनअखेर ते सप्टेंबर एवढेच खुले असतात. त्यांवर चारही चाकांना गती देणारे वाहन आवश्यक असते. उन्हाळ्यात बसचीही सोय असते. वाढत्या गर्दीमुळे २०२४ च्या उन्हाळ्यात वाहनतळासाठी आगाऊ नोंदणीची पद्धत सुरू झाली. थोर्समर्कपर्यंत जाणारी सुमारे ५५ किलोमीटरची प्रसिद्ध 'लॉयगावेगुर' पायवाट येथूनच सुरू होते. हवामान तासातासाला पालटते; ऐन जुलैतही उबदार आणि जलरोधक कपडे जवळ असावेत.