ऊन, अक्षवृत्त आणि रक्तदाब : म्हैसूरच्या नोंदींच्या आधारे

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडकोळ लागते. पुढे नंजनगूडला श्रीकंठेश्वराचे मंदिर आहे. हत्तीचे डोळे बरे झाले म्हणून टिपू सुलतानाने या देवाला ‘हकीम नंजुंड’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. विष पचविणारा शिव आणि अरबी-फारसी परंपरेतील हकीम एका नावात सुखाने नांदले. मधुमेहासंबंधी पुढे या परिसरात आलेल्या वैद्यकीय कल्पनांना मात्र इतक्या सहजी घर मिळाले नाही.

होल्ड्सवर्थ मेमोरियल या म्हैसूरमधील मिशन रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपलेल्या होत्या. जन्मतः लहान असलेल्या बालकांना प्रौढपणी मधुमेह व उच्च रक्तदाब अधिक होतो, हा इंग्लंडमधील नोंदींवरून काढलेला निष्कर्ष येथे पडताळण्यात आला. १९९८ च्या अभ्यासात मधुमेह आढळला तो जन्मतः उंचीच्या मानाने स्थूल असलेल्यांत अधिक. २००० च्या अभ्यासात कमी जन्मवजन आणि उच्च रक्तदाब यांचा अपेक्षित संबंधच दिसला नाही.

दुसरी कल्पना उन्हाची. विषुववृत्तापासून दूर जावे तसा रक्तदाब वाढतो आणि त्यामागे उन्हाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व कमी पडणे हे कारण असावे, असे स्टीफन रोस्टँड यांनी १९९७ मध्ये मांडले. रक्तदाब वाढविणाऱ्या साखळीचा आरंभ ज्या रेनिनपासून होतो, त्याला हे जीवनसत्त्व आवर घालते, असे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. मग २००८ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे, म्हणजे ५६ अंश उत्तरेला, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि या जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या ३४ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एकाच मोठ्या मात्रेने त्यांचा वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा १४ मिलिमीटरने उतरला. आकडा मोहात पाडणारा होता. रक्तदाबाच्या एखाद्या रूढ गोळीनेही सहसा एवढा उतार पडत नाही.

या कथानकात कडकोळची भूमिका आधीच ठरलेली होती : अक्षवृत्त १२ अंश, वर्षभर ऊन, म्हणून कमतरता नाही. प्रत्यक्षात होल्ड्सवर्थ रुग्णालयातील गर्भवतींची जी पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ६६ टक्के स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्व लिटरमागे ५० नॅनोमोलपेक्षा कमी निघाले. अंगणातले ऊन अंगावर पडतेच असे नाही. पदर, घरकाम, त्वचेचा वर्ण यांचा हिशेब अक्षवृत्तात मांडलेला नसतो. (५० ची रेषाही म्हैसूरमध्ये आखलेली नव्हती, हे ध्यानात ठेवणे बरे.) परंतु कथानकाचा पुढचा भागही जुळला नाही. गरोदरपणातील मधुमेह कमतरता असलेल्या स्त्रियांत ७ टक्के आणि नसलेल्यांत ८ टक्के आढळला. त्यांच्या मुलांचा पाठपुरावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कमतरता असलेल्या मातांच्या मुलांमध्ये साडेनऊ वर्षांच्या वयात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती व दंडाचे स्नायू लहान होते. रक्तदाबात मात्र फरक नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका भूमीत रचलेले कथानक दुसरीकडे नेले की पात्रे तीच राहतात, कार्यकारणभाव मात्र सैल होतो. येथे तर तो मूळ भूमीतही टिकला नाही. २०१५ मध्ये डंडीच्याच संशोधकांच्या पुढाकाराने ४६ चाचण्यांतील ४५४१ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली आणि ड जीवनसत्त्वाने रक्तदाब उतरत नाही, असे आढळले. त्या संशोधकांत २००८ च्या चाचणीशी संबंधित असलेलेही होते. स्वतःच्या मोहक आकड्याला असा छेद देणे, हा या इतिहासातील सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४२३ जणांच्या चाचणीतही, या जीवनसत्त्वाच्या रोजच्या मात्रेने मधुमेह निश्चितपणे टळल्याचे दिसले नाही. हाडांसाठी त्याची गरज यामुळे उणावत नाही. कडकोळच्या मधुमेही माणसाला रक्तदाबाची गोळी मात्र वेगळी घ्यावी लागते.