तारुण्याची सुई आणि कर्करोगाची शंका

१ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या एका शास्त्रीय मंडळापुढें ७२ वर्षांचे शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनीं विलक्षण निवेदन केलें. कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनीं स्वतःस टोंचून घेतला होता, आणि गेलेली शक्ति परत आली असें त्यांचें म्हणणें होतें. १८९४ त ते वारले. तो गुण अर्काचा नसून बहुधा विश्वासाचा असावा. तथापि ग्रंथींच्या रसानें देहाची घडण बदलते ही कल्पना टिकली.

पुढें मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या, वाटाण्याएवढ्या ग्रंथीकडे लक्ष वळलें. तिच्यांतील वृद्धिरस चो हाओ ली व हर्बर्ट एव्हान्स यांनीं कॅलिफोर्नियांत बैलांच्या ग्रंथींतून शुद्ध केला. त्यांच्याच गटानें १९५० सालीं प्रसिद्ध केलेला वृत्तांत मात्र अस्वस्थ करणारा होता. दीर्घकाळ तो रस टोंचलेले उंदीर वाढत राहिले, परंतु त्यांच्या फुप्फुसांत व इतर अवयवांत अर्बुदें आढळलीं. म्हणजे शंका ही तारुण्याच्या बाजाराहून जुनी आहे.

तो बाजार भरला १९९० नंतर. डॅनियल रुडमन यांनीं साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने वृद्धिरस दिला. मेद शेंकडा १४.४ नें घटला, मेदरहित देहभार ८.८ नें वाढला. सहा महिन्यांत कर्करोगाचा निर्णय लागत नाहीं, हें जाहिरातींनीं कोणास सांगितलें नाहीं. वृद्धिरसामुळें यकृतांत ‘आयजीएफ-१’ नांवाचें पेप्टाइड तयार होतें. तें पेशींना विभागावयास लावतें आणि मरूं घातलेल्या पेशीस जगवतें. ज्यांच्या रक्तांत तें अधिक, त्यांत प्रोस्टेटचा कर्करोगहि अधिक, असें अमेरिकेंतील डॉक्टरांच्याच पाहणींत १९९८ सालीं दिसलें. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा प्रतिपक्षाचा आक्षेपहि रास्तच.

निसर्गानें मात्र उलट प्रयोग करून ठेविला होता. दक्षिण इक्वाडोरच्या डोंगरांत कांहीं कुटुंबांत वृद्धिरसाचा परिणामच होत नाहीं. माणसें फार ठेंगणीं राहतात. हायमे गेवारा-आगिरे व त्यांचे सहकारी यांनीं अशा ९९ जणांवर २२ वर्षें लक्ष ठेविलें. २०११ सालच्या अहवालांत कर्करोग एकासच, तोहि प्राणघातक नव्हे. नातलगांत प्रमाण शेंकडा १७. गंमत अशी कीं, तीं माणसें इतरांहून दीर्घायुषी ठरलीं नाहींत. अपघात व मद्यपान यांनीं पुष्कळांना नेलें.

ग्रंथीस चेतवून वृद्धिरस वाढविणारें टेसामोरेलिन हें पेप्टाइड २०१० सालीं अमेरिकेंत मंजूर झालें, तें एचआयव्ही-बाधितांच्या पोटांतील मेदासाठीं. कर्करोग चालू असलेल्या रोग्यास तें देऊं नये, अशी ताकीद त्याच्या माहितीपत्रकांत आहे.