फिरता पतकरार, मोटार वितरक समूहाचा : दुरुस्तीची पद्धत

अनेक शहरांत मोटारविक्रीची दालने चालवणारा समूह बँकसंघाशी जो दीर्घ मुदतीचा कर्जकरार करतो, तो फिरता पतकरार. ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत पैसे उचलावेत, गाडी विकली की फेडावेत आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा उचलावेत, अशी मुभा त्यात असते. हा प्रकार अमेरिकेत सर्वाधिक विस्तारला. तेथे असे करार बहुधा पाच वर्षांसाठी होतात, परंतु मुदत संपेपर्यंत मूळ मसुदा जसाच्या तसा राहणे विरळाच. समूह नवी दालने विकत घेतो, व्याजदराचा आधार बदलतो, एखादी बँक संघाबाहेर पडते आणि दर वेळी कराराला दुरुस्ती जोडावी लागते. म्हणून अशा समूहाची आर्थिक प्रकृती जाणायची असेल, तर मूळ करारापेक्षा त्याच्या दुरुस्त्या क्रमाने वाचणे अधिक उपयोगी ठरते.

या कर्जाचे मूळ कारखाना आणि ग्राहक यांच्यामधल्या काळात आहे. कारखान्याला गाडीचे पैसे ती बाहेर पडतानाच हवे असतात. ग्राहक मात्र काही आठवड्यांनी येतो. ही दरी भरून काढण्यासाठी जनरल मोटर्सने 1919 साली जनरल मोटर्स ॲक्सेप्टन्स कॉर्पोरेशन ही वित्तसंस्था स्थापन केली. दालनातील साठ्यावर मिळणाऱ्या या कर्जाला ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात. नव्या गाडीच्या बीजकाची जवळजवळ पूर्ण रक्कम कर्जाऊ मिळते, जुन्या गाडीवर कमी. प्रत्येक गाडी तिच्या चासी क्रमांकासह तारण असते आणि ती विकली गेली की काही दिवसांतच तिच्यापुरते कर्ज फेडायचे असते. दीर्घकाळ न विकल्या गेलेल्या गाडीची मुद्दल टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. बँकेचे निरीक्षक पूर्वसूचना न देता दालनात येऊन गाड्या मोजतात.

मोठ्या समूहाच्या करारात या साठाकर्जाबरोबर दुसरा कप्पाही असतो. तो नवी दालने घेण्यासाठी व सर्वसाधारण गरजांसाठी वापरतात. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील ग्रुप 1 ऑटोमोटिव्ह हे याचे चांगले उदाहरण. जेपीमॉर्गन चेस ही त्याच्या करारातील प्रशासक बँक. कोमेरिका बँकेने अनेक वर्षे साठाकर्जाचे काम पाहिले. मोटार कंपन्यांशी संलग्न वित्तसंस्थाही कर्जदात्यांत आहेत. मार्च 2022 मध्ये हा करार दुरुस्त करून नव्याने लिहिला गेला. मर्यादा 2 अब्ज डॉलर झाली, ती 2.4 अब्जांपर्यंत वाढवण्याची सोय ठेवली गेली आणि मुदत 2027 पर्यंत गेली. त्याआधीच्या नोव्हेंबरात समूहाने प्राइम ऑटोमोटिव्ह या समूहाची दालने विकत घेतली होती. इतक्या मोठ्या खरेदीनंतर जुनी मर्यादा तोकडी पडणे साहजिकच होते.

दुरुस्तीचा सर्वांत कळीचा प्रश्न संमतीचा. निम्म्याहून अधिक कर्जवचन ज्यांच्याकडे आहे अशा बँकांची संमती बहुतेक बदलांना पुरते. परंतु मुद्दल घटवणे, व्याज कमी करणे, परतफेडीची तारीख पुढे ढकलणे किंवा एखाद्या बँकेचा वाटा वाढवणे यांना, ज्या बँकेवर परिणाम होतो तिचा स्वतःचा होकार लागतो. बहुमत तिला बांधू शकत नाही. सगळे तारण किंवा सगळे जामीनदार मोकळे करायचे असतील, तर सर्वांचीच संमती लागते. हा भेद केवळ वकिली बारकावा नाही. छोट्या बँकेने मोठ्यांबरोबर संघात पाऊल टाकावे, एवढे धैर्य तिला याच तरतुदीमुळे येते. उलट, एकाच नाराज बँकेने सगळ्यांना अडवून धरू नये म्हणून होकार न देणाऱ्या बँकेचा वाटा दुसरीने विकत घेण्याची वाट कर्जदारासाठी ठेवलेली असते. मर्यादा वाढवण्याची सोय आधीच लिहिलेली असेल, तर फक्त जादा पैसे देणाऱ्या बँकांचा होकार पुरतो.

प्रत्यक्ष काम प्रशासक बँकेमार्फत चालते. समूह प्रस्ताव देतो, मुख्य अटींचा तक्ता बँकांत फिरतो, दोन्ही बाजूंचे वकील जुना मजकूर खोडून नवा लिहितात. सहीच्या दिवशी संचालक मंडळाचा ठराव, अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र व वकिलाचे मतपत्र हजर असावे लागते. उपकंपन्यांना आपला जामीन नव्या मजकुरालाही लागू असल्याचे पुन्हा लिहून द्यावे लागते. हे शेवटचे कलम राहून गेले, तर अटी बदलल्या म्हणून आपण मोकळे झालो, असा दावा जामीनदार करू शकतो. वितरण हक्क देणाऱ्या मोटार कंपन्यांच्या करारांचेही भान ठेवावे लागते, कारण दालनाची मालकी त्यांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. कर्ज बुडाले तरी बँक दालन सहज दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही ती यामुळेच.

व्याजाच्या आधारदराने अलीकडे एकाच वेळी असंख्य करार दुरुस्त करायला लावले. लंडनचा लायबोर हा दर ठरवण्यात हेराफेरी झाल्याचे उघड झाल्यावर तो बंद करायचे ठरले. डॉलरमधील प्रमुख लायबोर दर 30 जून 2023 नंतर थांबले. त्याची जागा घेणारा सोफर हा दर न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक एप्रिल 2018 पासून जाहीर करते. तो सरकारी रोख्यांच्या तारणावरील एका रात्रीच्या कर्जावरून निघतो, त्यामुळे लायबोरपेक्षा किंचित कमी असे. ही तूट भरण्यासाठी एका महिन्याच्या दरावर 0.11448 टक्का अधिभार सुचवला गेला होता. तो लावायचा की सोडायचा यावर वाटाघाटी झाल्या. आकडा क्षुल्लक दिसतो, पण एक अब्ज डॉलर थकबाकीवर तो वर्षाला सुमारे साडेअकरा लाख डॉलर होतो.

त्यानंतर दरच चढले. मार्च 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेचा धोरणदर शून्य ते पाव टक्का होता, जुलै 2023 मध्ये तो 5.25 ते 5.50 टक्के झाला. आधारदरावर 1.10 टक्के अधिक असा करार धरला, तर 40 हजार डॉलरची गाडी 60 दिवस दालनात उभी राहण्याचा खर्च 77 डॉलरच्या आसपास होता, तो 425 डॉलरच्या पुढे गेला. ज्या समूहांनी 2021-22 मध्ये, सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे गाड्या येताक्षणी विकल्या जात असताना, वाढीव मर्यादा आणि लांब मुदत पदरात पाडून घेतली, त्यांनी शहाणपणाचे काम केले. पुढे साठा वाढला तेव्हा मर्यादेसाठी बँकांपुढे उभे राहण्याची घाई त्यांना नव्हती.

अडचणीच्या काळातील दुरुस्ती अगदी वेगळी असते. करारात आर्थिक गुणोत्तरांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. शार्लट येथील सॉनिक ऑटोमोटिव्हच्या करारात रोखतेचे गुणोत्तर किमान 1.05 आणि ठरीव देण्यांच्या तुलनेत उत्पन्नाचे किमान 1.20 अशा अटी आहेत. मर्यादा ओलांडली जाणार असे दिसले की तात्पुरती सूट मागावी लागते. त्या बदल्यात बँका शुल्क घेतात, व्याज वाढवतात, लाभांश रोखतात. साठाकर्जाचे ओझे अशा गुणोत्तरांतून सहसा वगळलेले असते, कारण त्यामागे विक्रीयोग्य गाडी उभी असते. ती गाडी खरोखर उभी आहे, या एकाच गृहीतकावर सारी इमारत आहे. टेक्सासमधील रेगर-डाइक्स समूहावर फोर्ड क्रेडिटने जुलै 2018 मध्ये दावा लावला. विकलेल्या गाड्यांचे पैसे न भरणे आणि एकाच गाडीवर दोनदा कर्ज घेणे असे आरोप होते. दुसऱ्याच दिवशी समूहाने दिवाळखोरीचा अर्ज केला. आरोप अशा स्वरूपाचे असतात, तेव्हा करारदुरुस्तीला अर्थच उरत नाही.

हिशेबात दुरुस्तीची नोंद कशी होते, हेही पाहावे लागते. बँक तीच राहिली, तर उरलेली मुदत आणि मर्यादा यांचा गुणाकार जुन्या व नव्या करारासाठी काढतात. नवा मोठा निघाला, तर आधीच्या करारावर झालेला व अजून खर्ची न टाकलेला शुल्कखर्च नव्या मुदतीवर पसरतो. लहान निघाला, तर त्याचा प्रमाणशीर भाग तत्काळ खर्ची पडतो. महत्त्वाची दुरुस्ती झाल्यास नोंदणीकृत कंपनीला चार कामकाजी दिवसांत अमेरिकी रोखे आयोगाकडे ती जाहीर करावी लागते. सामान्य भागधारकाला बँका आणि समूह यांच्यातील व्यवहार पाहता येतो तो याच नियमामुळे.

भारतीय वितरक बहुधा कॅश क्रेडिट आणि चॅनल फायनान्सवर चालतो. साठा नजरगहाण असतो आणि मर्यादेचे ठराविक काळाने नूतनीकरण होते. येथे बँक अनेकदा रक्कम थेट गाडी बनवणाऱ्या कंपनीला देते आणि व्याज वितरकाच्या खात्यावर चढते. 2024 च्या सणासुदीपूर्वी वितरकांकडील साठा 80 ते 85 दिवसांचा, सुमारे 79 हजार कोटी रुपयांचा झाल्याचे वितरकांच्या ‘फाडा’ या संघटनेने सांगितले. वितरकाच्या संमतीशिवाय आणि प्रत्यक्ष तारणाशिवाय बँकांनी असा पैसा सोडू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने द्यावी, ही मागणीही संघटनेने त्या वेळी केली.