दाव्यातली एक ओळ आणि अपिलाचा निकाल

शाम्पू, टूथपेस्ट, चेहऱ्याची क्रीम, दाढीचे पाते या वस्तू इतक्या रोजच्या आहेत, की त्यांच्यामागे पेटंटचे वाद उभे असतील हे सहसा मनात येत नाही. पेटंट म्हटले की औषधे आणि मोबाइल आठवतात. तरीही पेटंटची वैधता हा विषय समजून घ्यायला प्रसाधनांसारखे दुसरे क्षेत्र मला दिसत नाही. ब्लीच केल्यावर केस का तुटतात, हे पार्लरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. शोध समजून घेण्यात दमछाक होत नाही, म्हणून वाचकाचे लक्ष थेट कायद्याच्या प्रश्नावर राहते.

पेटंट मिळाले म्हणजे ते टिकेलच असे नाही. शोध खरोखर नवा आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता का, आणि आपला हक्क कुठपर्यंत आहे हे पेटंटधारकाने दाव्यात स्पष्ट लिहिले आहे का, असे प्रश्न प्रतिस्पर्धी उपस्थित करतो. अमेरिकेत हे आव्हान जिल्हा न्यायालयात देता येते किंवा पेटंट कार्यालयातल्या पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डापुढे. न्यायालयात पेटंट वैध आहे असे गृहीत धरतात आणि ते पाडायला ठाम पुरावा लागतो; बोर्डापुढे पुराव्याचे पारडे थोडे झुकले तरी पुरते. दोन्हीकडची अपिले 1982 मध्ये स्थापन झालेल्या फेडरल सर्किट न्यायालयाकडे जातात. नव्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणे नव्हे. कायद्याचा प्रश्न वरचे न्यायालय नव्याने पाहते. साक्षीपुराव्यावरून खालच्यांनी काढलेल्या तथ्यांना मात्र सहसा हात लावत नाही.

सुरुवात करायला एक निकाल हाती घ्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सुरकुत्या आणि त्वचेचा कोरडेपणा कमी करण्यासाठी ॲडेनोसीन हे रसायन वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले होते, आणि त्याच्या भंगाबद्दल लॉरिआल या प्रसाधन कंपनीवर डेलावेअरमध्ये खटला भरला होता. पेटंटमध्ये ॲडेनोसीनचे प्रमाण दिलेले होते, पण ते ‘त्वचेच्या आतल्या थरातील पेशींना लावलेले’ प्रमाण असे शब्द होते. क्रीम तर वरच्या थरावर लावतात. मग हे प्रमाण डबीतल्या क्रीमचे, की झिरपून खालच्या पेशींपर्यंत पोहोचलेल्या अंशाचे? जिल्हा न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला आणि तो अर्थ घेतल्यावर दावा अनिश्चित, म्हणून अवैध ठरवला. 2022 मध्ये फेडरल सर्किटने पेटंटचे वर्णन आणि अर्जाच्या तपासणीचे दप्तर वाचून पहिला अर्थ योग्य मानला. ज्या अर्थावर अनिश्चिततेचा निष्कर्ष उभा होता तोच गेल्यावर निकालही गेला, आणि प्रकरण खाली परत आले. दाव्याच्या शब्दांचा अर्थ लावणे आणि त्याची वैधता तपासणे ही दोन कामे एकमेकांत किती गुंतलेली असतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा निकाल क्वचितच मिळतो.

दुसरे प्रकरण केसांची प्रसाधने बनवणाऱ्या ओलाप्लेक्स कंपनीचे. ब्लीच करताना केसांचे नुकसान टाळण्यासाठी मिश्रणात मॅलेइक आम्ल वापरण्याची पद्धत, असा त्या पेटंटचा गाभा. लॉरिआलने बोर्डापुढे आव्हान दिले. ओलाप्लेक्सच्या अप्रकाशित पेटंट अर्जातली गोपनीय माहिती लॉरिआलला मिळाली होती आणि तिने ती वापरली, असे बोर्डानेच नोंदवले. पण विशिष्ट उत्पादनाची नक्कल झालेली नाही म्हणून ती बाब गैरलागू ठरवली आणि पेटंटविरुद्ध निकाल दिला. 2019 मध्ये फेडरल सर्किटने हे चुकीचे ठरवले. शोध सहज सुचण्यासारखा असता तर प्रतिस्पर्ध्याने त्याची नक्कल कशाला केली असती, या युक्तिवादात वजन आहे आणि नकलेचा पुरावा जमेस धरायलाच हवा, असे म्हणून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. अनेक वाचक इथे पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका. फेरविचारात तो पुरावा जमेस धरूनही बोर्डाने दावे पुन्हा अवैध ठरवले आणि 2021 मध्ये फेडरल सर्किटने तो निर्णय कायम केला. अपील जिंकूनही पेटंट गेले. ज्याला हा उलगडा मनापासून रोचक वाटेल, त्याच्यासाठीच हे क्षेत्र आहे.

विषय नवा नाही. 1913 मध्ये जिलेटच्या सेफ्टी रेझरचे प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे होते. प्रतिवादी जे करतो ते आधीपासून ज्ञात गोष्टीहून वेगळे नसेल, तर एक तर भंग झालेला नाही किंवा पेटंटच अवैध आहे, असे लॉर्ड मोल्टन यांनी मांडले. त्या बचावाला वकील आजही जिलेटचेच नाव देतात. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळांनी वेगळीच गाठ सोडवली आहे. तिथे उपचारपद्धतीला पेटंट मिळत नाही, सौंदर्यपद्धतीला मिळते. मग दातांवरचे किटण काढणे काय? मंडळाने म्हटले, की त्याने दात सुंदर दिसत असले तरी रोगही टळतो, आणि ते परिणाम वेगळे काढता येत नसतील तर केवळ सौंदर्याचे नाव देऊन भागत नाही.

वाचकांनी निकालपत्रापासून नव्हे, दाव्यापासून सुरुवात करावी. पहिला दावा कागदावर उतरवून घ्या, त्यातल्या ज्या शब्दाशी तुम्ही स्वतः अडखळाल त्याखाली रेघ ओढा, मग खालचा निर्णय वाचा आणि त्यानंतर अपिलाचा. बहुतेक वेळा वाद त्याच शब्दाशी सापडतो. रसायनांच्या नावांनी बिचकू नका. ती हळूहळू ओळखीची होतात.

आपल्याकडेही या अभ्यासाला आता वेळ चांगली आहे. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाले आणि त्याची अपिले उच्च न्यायालयांकडे आली. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने पेटंट नाकारले किंवा विरोध अर्जावरून रद्द केले, तर अपील मुंबई उच्च न्यायालयात चालते. मराठीतून कायदा शिकलेल्या तरुण वकिलाला यातली कागदपत्रे मिळवणे अवघड नाही, आणि या विषयावर मराठीत लिहिण्याची जागा जवळपास पूर्ण मोकळी आहे.