अजिंठ्याची नर्तकी आणि तीन आगी

जगभरच्या समकालीन नृत्यपटांची एक संध्याकाळ जळगावला किंवा धुळ्याला करायची झाली, तर सुरुवात कुठून करावी? न्यूयॉर्क, पॅरिस वगैरे नंतर. माझं उत्तर ठरलेलं आहे : भुसावळपासून.

हसू नका. भुसावळच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रास आर्मीतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायच्या कामावर नेमला गेला आणि पुढची बरीच वर्षं त्यानं त्यातच घालवली. १८७९ साली वारला. गिल आणि पारोची गोष्ट आपल्याला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे माहीत असते. पण त्यानं रंगवलेल्या मोठमोठ्या कॅनव्हासचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. ते लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. ही आग पहिली.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा तेच काम, पुन्हा नकला, पुन्हा लंडन. आणि १८८५ साली तिथे पुन्हा आग! त्यातल्याही कितीतरी गेल्या. एकाच डेटाचा बॅकअप दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा एकाच शहरात नेऊन ठेवला, तर आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मूळ भिंत मात्र जागेवरच होती, हे नशीब.

आता या सगळ्याचा नाचाशी काय संबंध? लेणं क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाचं चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. राजाचं मन संसारातून उडालंय आणि त्याला गुंतवून ठेवायला महालात नाच चाललाय. मध्ये नर्तकी, भोवती बासरी, मृदंग, टाळ वाजवणाऱ्या बायका. नर्तकीचं अंग असं वळलंय की पुढच्या क्षणी ती कुठे जाणार हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. चित्र एकच, पण आधीची आणि नंतरची फ्रेम आपलं डोकं भरून काढतं. माझ्या लेखी संध्याकाळचा पहिला नृत्यपट हाच. जळगाव स्टेशनपासून साठेक किलोमीटर, प्रोजेक्टर नको.

पुढचा धागा थेट रशियन बॅलेला जाऊन भिडतो. जगप्रसिद्ध नर्तिका अ‍ॅना पावलोव्हाचा ताफा १९२२-२३ च्या दौऱ्यात भारतात येऊन गेला आणि १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिनं 'अजंठा फ्रेस्कोज' नावाचा बॅले रंगमंचावर आणला. नृत्यरचना इव्हान क्लुस्टीन, संगीत निकोलाय चेरेपनिन. म्हणजे आपल्या शेजारच्या डोंगरातली चित्रं लंडनला तिसऱ्यांदा गेली, पण या वेळी माणसांच्या अंगावरून. त्याच हंगामात तिच्या ताफ्यात एक भारतीय पोरगा कृष्ण होऊन नाचत होता : उदय शंकर. मुंबईत जे. जे. मध्ये शिकून चित्रकार व्हायला लंडनला गेलेला. ज्या जे. जे. च्या पोरांनी अजिंठा उतरवला, तिथलाच विद्यार्थी हो!

पावलोव्हाचे काही एकल नाच १९२४ च्या सुमारास हॉलिवूडला, डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत चित्रित झाले. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यामुळे आजच्या वेगानं लावलं की ती उगाच घाईत असल्यासारखी वाटते. तरी बघा. कॅमेरा समोर ठेवलाय आणि ती त्याच्यापुढे नाचतेय, एवढंच. याला नाचाची नोंद म्हणता येईल, नृत्यपट म्हणायला मी तयार नाही.

नृत्यपट म्हणजे काय ते माया डेरेननं १९४५ साली जेमतेम तीन मिनिटांत दाखवलं. नाचणारा टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तोच पाय खोलीत टेकतो. पाऊल एक, जागा दोन. रंगमंचावर हे होणंच शक्य नाही. कात्रीसुद्धा नाचतेय.

आणि तीनच वर्षांनी, १९४८ साली, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तयार झालेला उदय शंकरांचा 'कल्पना' आला. स्वतः ते आणि अमला शंकर. अडीच तासांवरचा पिक्चर, सगळी गोष्ट नाचातून. माणसं यंत्राचे भाग होऊन हलताना त्यात दिसतात, ते बघून मला तरी दर सोमवारचं ऑफिस आठवलं. पिक्चर चालला नाही. पण त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला गुरुदत्त त्याआधीच पुण्याला प्रभातमध्ये नाच बसवायला आला होता, हे विसरू नका.

प्रभातची ती जागा पुढे फिल्म इन्स्टिट्यूटची झाली. तिथल्या तळघरांत नाही तर गोदामांत म्हणा, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं होती आणि जानेवारी २००३ मध्ये त्यांना आग लागली. शेकडो चित्रपटांची रिळं गेली. ही तिसरी. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही, पाण्याखालीही जळतं. 'कल्पना' वाचला. पुण्याच्या संग्रहालयातल्या ड्युप निगेटिव्हवरून मार्टिन स्कॉर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशननं तो दुरुस्त करवून घेतला आणि २०१२ साली कान महोत्सवात दाखवला. अमला शंकर नव्वदी ओलांडून तिथे हजर होत्या. महानोरांच्या कवितेवरचा 'अजिंठा' पिक्चरही त्याच वर्षी आला, योगायोग.

शेवटचा खेळ आमचा. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ. शेतात, बांधावर, गावातल्या पोरापोरींनी केलेले, कोट्यवधी वेळा पाहिलेले, लग्नात डीजेवर हमखास वाजणारे. शहाणी मंडळी नाकं मुरडतात. मुरडू देत. खान्देशाचा आजचा नाच कसा होता हे दोनशे वर्षांनी कुणी विचारलं, तर दाखवायला हेच असेल, आणि तेही कुणीतरी मूळ फायली ठेवल्या असतील तर. ओळखीचा एक जण असले व्हिडिओ एडिट करतो. त्याला मूळ शूटिंगचं काय करतोस विचारलं. म्हणाला, अपलोड झालं की कार्ड रिकामं करतो, दुसऱ्या दिवशी परत शूटिंग असतं ना भो.

त्याला एक हार्ड डिस्क नेऊन दिलीय. दुसरी मी माझ्याकडे ठेवणार आहे, वेगळ्या शहरात.