मूल कोणाचें?

सन १८३६ च्या वसंतऋतूंत कॅरोलिन नॉर्टन ही लंडनमधील लेखिका घराबाहेर गेली असतां तिच्या पतीनें आपले तिन्ही मुलगे परस्पर दुसरीकडे पाठवून दिले. थोरला सहा वर्षांचा. धाकट्यास तीन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. तीं मुलें ज्या घरीं ठेविलीं होतीं तेथें ती पोंचली. माडीवर त्यांचीं पावलें वाजतांना तिनें ऐकलीं. भेट मात्र झाली नाहीं.

तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनें यांत वावगें असें कांहींच नव्हतें. औरस मुलावर ताबा बापाचा. आईनें त्याचें तोंड पाहावें कीं नाहीं, हेंहि त्याच्याच मर्जीवर. विपरीत असें कीं, लग्नाबाहेर झालेलें मूल मात्र आईकडेच राही! त्याच वर्षीं ग्रीनहिल नांवाच्या खटल्यांत, पति परस्त्रीशीं संबंध ठेवून असतांहि, तीन लहान मुली त्याच्या स्वाधीन करण्याचा हुकूम न्यायासनानें पत्नीस दिला.

जॉर्ज नॉर्टन हा पेशानें बॅरिस्टर. लंडनमधील मॅजिस्ट्रेटची जागा त्याला लॉर्ड मेलबर्न यांच्या शब्दानें मिळालेली. आणि त्याच मेलबर्नवर, ते पंतप्रधान असतांना, आपल्या पत्नीशीं व्यभिचार केल्याचा आरोप ठेवून त्यानें दहा हजार पौंडांची फिर्याद लाविली. ज्यूरीनें जागचें न हलतां ती फेटाळली. जिच्या अब्रूचा प्रश्न होता ती स्त्री या दाव्यांत पक्षकार नव्हती. तिला साक्ष देण्याचीहि सोय नव्हती. निकालानें तिचें निर्दोषत्व ठरलें खरें, परंतु मुलें कांहीं परत मिळालीं नाहींत. घटस्फोटासाठीं पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि १८५७ पूर्वीं तो अवघ्या चार स्त्रियांना साधला होता.

तेव्हां तिनें लेखणी उचलली. तिच्या आग्रहावरून टालफर्ड या सभासदानें मातांच्या हक्काचें बिल मांडलें. १८३८ सालीं उमरावांच्या सभेनें तें नाकारलें. मग तिनें लॉर्ड चॅन्सेलरना उद्देशून एक पत्रक काढलें, तेंहि पुरुषाच्या टोपणनांवानें! बाईची कैफियत बाईच्या नांवानें मांडली तर ती कोण वाचणार, हा तिचा हिशेब चुकीचा नसावा. १८३९ सालीं कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा व त्याहून मोठ्यांची भेट मागण्यासाठीं मातेस चॅन्सरी कोर्टाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली; व्यभिचार शाबीत झालेल्या स्त्रीस मात्र नाहीं.

ज्या आईनें हा कायदा घडविला तिच्या तो कामास आला नाहीं. नॉर्टननें मुलें स्कॉटलंडांत नेऊन ठेविलीं होतीं, आणि तेथें चॅन्सरीचा अंमल चालत नसे. १८४२ सालीं धाकटा विल्यम घोड्यावरून पडून जखमी झाला. आईस बोलावणें धाडलें गेलें. ती पोंचली तेव्हां मूल गेलेलें होतें. त्यानंतर उरलेल्या दोघांस तिच्याकडे राहूं देण्यांत येऊं लागलें. ही सवलतहि पतीच्या इच्छेनें मिळालेली, कायद्यानें नव्हे.

पोटगीचा अनुभव असाच. १८४८ सालीं वर्षाकांठीं पांचशें पौंड देण्याचा लेख नॉर्टननें करून दिला. पुढें आईच्या व मेलबर्नच्या पश्चात् तिला थोडें उत्पन्न झालेलें पाहून त्यानें हात आखडला. १८५३ सालीं प्रकरण कोर्टांत गेलें. तेथें पतिपत्नी कायद्यानें एकच व्यक्ति, सबब त्यांच्यामधला करार बंधनकारक नाहीं, असें ठरलें. इतकेंच नव्हे, तिच्या पुस्तकांच्या कमाईवरहि हक्क पतीचाच. १८५५ सालीं तिनें राणीस उद्देशून खुलें पत्र लिहिलें. १८५७ च्या कायद्यानें घटस्फोटासाठीं स्वतंत्र न्यायालय आलें व मुलांचा ताबा आणि पोषण यांविषयीं हुकूम करण्याचा अधिकार त्यास मिळाला. तथापि पतीस पत्नीचा व्यभिचार पुरे, पत्नीस मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग सिद्ध करणें भाग. हा भेद इंग्लंडांत १९२३ पर्यंत राहिला.

याच कायद्याच्या नमुन्यावर १८६९ सालीं हिंदुस्थानांतील ख्रिस्ती समाजासाठीं घटस्फोटाचा कायदा झाला. हिंदूंस मुंबई इलाख्यांत ही वाट १९४७ सालीं मोकळी झाली. ताब्याच्या बाबतींत १९५६ च्या कायद्यानें पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ ठेविलें, परंतु नैसर्गिक पालक म्हणून आधीं बाप व त्याच्या नंतर आई असाच क्रम घातला. या ‘नंतर’चा अर्थ ‘मृत्यूनंतर’ एवढाच नसून, बाप कोणत्याहि कारणानें पालकत्व पाहात नसेल तेव्हांहि तो लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं दिला.