साबण व सचोटी

अलीकडे सुशिक्षित मध्यम वर्गाच्या न्हाणीघरांत एका नव्या वस्तूचा शिरकाव झालेला दिसतो. ती म्हणजे एखाद्या लहान, स्वतंत्र कारखानदाराने, अगर बहुधा कारखानदारणीने, हाताने केलेली साबणाची वडी. तिच्या कडा यंत्राने कापल्यासारख्या नसतात, दोन वड्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही, आणि वेष्टनावर करणाऱ्याच्या गावाचे नाव व वापरलेल्या तेलांची यादी छापलेली असते. किंमत मात्र नेहमीच्या वडीच्या कित्येक पट. ह्या वडीवरून घरोघर दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस ती निव्वळ चैन वाटते. तरुण मंडळींस, मोठ्या कारखान्याचा माल तेवढा अशुद्ध व लहानाचा तेवढा शुद्ध, असा भरवसा वाटतो. हा वाद नुसत्या नाकाने किंवा कातडीने मिटण्यासारखा नाही. तो मुळात साबणाविषयीचा नसून विश्वासाविषयीचा आहे, आणि साबणाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला आहे.

साबण हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतील 'साबून' ह्या शब्दावरून आला. त्याचे मूळ लॅटिन 'सापो' ह्या शब्दापर्यंत जाते, व तो शब्द पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या लेखनात सापडतो. गॉल लोक चरबी व राख यांपासून हा पदार्थ करितात व केस तांबूस करण्याकडे त्याचा उपयोग करितात, असे तो सांगतो. अंग स्वच्छ करण्याचा मान साबणास पुढे मिळाला. पण त्याची कृती त्या वेळी होती तीच तत्त्वतः आजही आहे. तेल किंवा चरबी घ्यावी, तिच्यात तीव्र क्षार मिसळावा, म्हणजे दोहोंचे रूपांतर होऊन साबण व ग्लिसरिन असे दोन पदार्थ तयार होतात.

ह्या रूपांतरातच सगळ्या वादाचे बीज आहे. दुधात पाणी पडले तर गृहिणीच्या ते ध्यानी येते; तांदळातील खडे डोळ्यांस दिसतात. साबण एकदा तयार झाला, की त्यात खोबरेल गेले, ऑलिव्हचे तेल गेले की जनावराची चरबी गेली, हे सामान्य माणसास डोळ्यांनी ओळखता येत नाही. वर सुगंध मिसळला म्हणजे नाकाचाही उपाय चालत नाही. तेव्हा साबण घरी न करिता विकत घेतला जाऊ लागला, त्या दिवसापासून घेणाऱ्यास करणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे भाग पडले. हा शब्द खरा कसा ठरवावा, ह्या प्रश्नाची निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली.

फ्रान्सने ते काम राजसत्तेकडे सोपविले. मार्से शहराच्या साबणाची कीर्ती वाढली तशी भेसळही वाढली, म्हणून चौदाव्या लुईच्या सरकारने 1688 मध्ये एक हुकूम काढला. साबणात ऑलिव्हचेच तेल घालावे, चरबी घालू नये, आणि जून, जुलै व ऑगस्ट हे उन्हाळ्याचे तीन महिने भट्ट्या बंद ठेवाव्या, अशी त्यात आज्ञा होती. कारण उष्णतेने साबणाचा कस बिघडे. पण राजाज्ञेचे आयुष्य राजाएवढेच. आज मार्सेचे नाव धारण करणारा पुष्कळसा साबण त्या शहरात होत नाही, की ऑलिव्हच्या तेलाचाही नसतो. जुन्या पद्धतीने काम करणारे जे मोजके कारखाने तेथे उरले आहेत, त्यांस आपल्याच नावासाठी झगडावे लागत आहे. सीरियातील अलेप्पो येथे निराळी रीत पडली. तेथील ऑलिव्ह व लॉरेल तेलांच्या वड्या महिनोन् महिने हवेवर वाळवितात आणि प्रत्येक वडीवर करणाऱ्याचा ठसा उठवितात. अलेप्पो व पॅलेस्टाइनमधील नाब्लुस या दोन्ही ठिकाणच्या ह्या विद्येस 2024 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

इंग्लंडात ठशाचा हाच मार्ग व्यापाराने उचलला. तेथे पूर्वी दुकानदार साबणाच्या लांब लादीतून तुकडा कापून वजनाने विकीत असे, आणि ती लादी कोणाची हे गिऱ्हाइकास ठाऊक नसे. विल्यम लिव्हर याने 1885 पासून आपला 'सनलाइट' साबण वेष्टनात बांधून, नाव छापून विकावयास आरंभ केला, आणि त्यात भेसळ सिद्ध करून दाखविणारास हजार पौंड देण्याची जाहिरात केली. ह्यात व्यापारी चातुर्य होतेच. परंतु माल वाईट निघाला तर दोष कोणाकडे जावा, हेही त्याने स्वतः होऊन जाहीर करून टाकले. 1888 मध्ये त्याच साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या.

आपल्याकडे त्यांचे स्वागत जपूनच झाले. साबणावाचून आपला समाज काही अस्वच्छ राहिला नव्हता. केसांस शिकेकाई व रिठे, अंगास हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, सणावारी तेल व उटणे, कपड्यांस सज्जीखार, अशी व्यवस्था घरोघर होती. आणि तिचा विशेष हा, की त्यातील प्रत्येक जिन्नस डोळ्यांदेखत कुटलेला, भिजविलेला असे. विलायती साबण सोयीचा खरा, पण त्यात कोणत्या जनावराची चरबी आहे हे कोणी सांगावे? काडतुसांवरील चरबीच्या शंकेने 1857 मध्ये काय घडले ते सर्वांस माहीत आहे. गाईच्या चरबीचे हिंदूंस वावडे, डुकराच्या चरबीचे मुसलमानांस, आणि जैनांस तर कोणत्याही चरबीचे. त्यामुळे सोवळ्याच्या घरांत साबणास कित्येक वर्षे मज्जाव राहिला. सुधारकांनी ह्या शंकेची थट्टा केली. पण अंगास लावावयाच्या वस्तूत काय आहे हे विचारण्याचा हक्क त्या शंकेच्या मुळाशी होता, व तो हक्क थट्टेवारी नेण्यासारखा खास नव्हता.

ह्या प्रश्नास सरळ उत्तर देण्याचे श्रेय मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांस दिले पाहिजे. वकिली सोडून उद्योगाकडे वळलेल्या ह्या गृहस्थांनी प्रथम शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा उद्योग मांडला. हत्यारे चांगली उतरली. पण ज्या पेढीने ती विकावयाची, तिच्या मालकाने त्यांवर हिंदुस्थानी बनावटीचा शिक्का उठविण्याचे नाकारले. शिक्का नसेल तर मालही नाही, असे ठरवून अर्देशीर यांनी तो धंदाच बंद केला, व 1897 मध्ये कुलुपांचा कारखाना काढला. पुढे 1918 मध्ये त्यांनी वनस्पतींच्या तेलांपासून केलेला 'चावी' साबण बाजारात आणला, आणि थोड्याच वर्षांत त्यामागून अंघोळीचे 'नंबर 2' व 'नंबर 1' हे साबण आले. दुसरा नंबर पहिल्याच्या आधी का, असे विचारता, दुसराच एवढा चांगला तर पहिला किती चांगला असेल असे लोकांस वाटावे म्हणून, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. हा जगातील पहिला वनस्पतिजन्य साबण होय असे कधी कधी लिहिले जाते. मार्सेची हकीकत लक्षात घेता ते खरे नव्हे. अर्देशीर यांचे महत्त्व निराळे आहे. आपल्या देशबांधवांच्या शंकेस त्यांनी अडाणीपणा म्हटले नाही. ती शंका फेडणारा माल करून त्यावर आपले नाव घातले. ह्याच गृहस्थांनी 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडास तीन लाख रुपये दिले, आणि उत्तर वयात कारभार बंधू पिरोजशा यांजकडे सोपवून ते नाशिकास शेती करण्यास गेले.

त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात दुसरा प्रयोग चालू होता. तेथील चंदन युरोपात जाई व त्याचे तेल तिकडे निघे. 1914 च्या महायुद्धाने ही वाट बंद पडली, आणि चंदनाचे ओंडके संस्थानात साचून राहिले. महाराज कृष्णराज वडियार (चौथे) व दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी संकटातून मार्ग काढला. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने तेल येथेच काढविले, आणि सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञांस विद्या शिकण्यास विलायतेस पाठविले. त्यातून म्हैसूरचा प्रसिद्ध चंदनी साबण जन्मास आला. कलकत्त्यास कडुनिंबाचा 'मार्गो', केरळात इरिंजालकुडा येथे एका वैद्यांचा 'चंद्रिका', असे आणखीही प्रयत्न झाले. आज ही नावे आपणांस मोठी वाटतात. परंतु आरंभी त्यांतील बहुतेक एकेका माणसाच्या हिमतीवर उभी होती.

पुढे लहानांचे मोठे झाले, व काही मोठे त्यांहून मोठ्यांत विलीन झाले. महाराष्ट्रात ज्या वडीवाचून नरकचतुर्दशीची पहाट उजाडत नाही, तो 'मोती' साबण टाटांच्या तेलगिरणीचा. 1993 मध्ये ती कंपनी लिव्हरच्या हिंदी शाखेत सामील झाली. वडीचे नाव राहिले, घर बदलले. मोठ्या कारखान्यांत साबण शिजवून, मीठ घालून निराळा काढितात व त्यातील ग्लिसरिन वेगळे करून विकितात. लहान कारखानदार हे करीत नाही. तो तेले कोमट करून त्यांत कॉस्टिक सोड्याचे पाणी घोटतो, मिश्रण दाट झाले की साच्यात ओततो, दुसरे दिवशी वड्या कापतो आणि चार ते सहा आठवडे त्या वाळवितो. ग्लिसरिन वडीतच राहते, व थोडे तेलही मुद्दाम जास्त ठेवितात.

अशा तीनचार लहान कारखानदारांच्या वड्या व इतर जिन्नस आम्ही गेले वर्षभर घरी वापरून पाहिले. हिवाळ्यात त्यांचा गुण निःसंशय जाणवला. अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही. पावसाळ्यात मात्र तेच ग्लिसरिन हवेतील ओल शोषून घेते, आणि वडी डबीत विरघळू लागते. लुईच्या तीन महिन्यांच्या बंदीची तेव्हा आठवण होते. केस धुण्याची म्हणून दिलेली वडी विंधनविहिरीच्या जड पाण्यात चिकट निघाली. तेथे आजीची शिकेकाईच श्रेष्ठ. सुंदर बरणीतून आलेले कोकमाचे मलम उत्तम होते. पण तो आपल्या कोकणातील मुठेलाचाच नवा अवतार, हे भेगाळलेल्या टाचांस तो चोळणारांनी केव्हाच ओळखले असते.

एका गोष्टीविषयी मात्र तक्रार करावीशी वाटते. ह्यांपैकी कित्येक वेष्टनांवर 'रसायनमुक्त' असा शब्द आढळतो. कॉस्टिक सोड्यावाचून घन साबण होत नाही. तयार वडीत तो उरत नाही, हे खरे, पण तो वापरलाच नाही असे सुचविणे खरे नव्हे. ज्या लहान कारखानदाराचे भांडवलच सचोटी, त्याने पहिल्या ओळीतच शब्दांची भेसळ करावी हे शोभत नाही. उलट मोठ्या कारखान्यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरेही वाचकांनी वाचावी. भारतीय मानकांप्रमाणे अंघोळीच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत एकूण स्निग्धांश शेकडा 76, दुसरीत 70 व तिसरीत 60 तरी असावा लागतो. 'बेदिंग बार' म्हणून जी वडी विकली जाते तिला ह्याहून पुष्कळ कमी चालतो, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेल्या असतात.

तात्पर्य, लहानपणा हा शुद्धतेचा दाखला नव्हे, व मोठेपणा हा अशुद्धतेचाही नव्हे. आपल्या पणजीने साबणास दारात अडविले ते, यात काय आहे, ह्या एका प्रश्नावर. तो प्रश्न आपण सोयीसाठी सोडून दिला. आज एखादी बाई आपल्या चार खणांच्या कारखान्यातून तेलांची नावे व आपले नाव लिहून वडी पाठविते, तेव्हा ती निदान प्रश्न विचारण्याची सोय आपणांस परत करून देते, आणि त्यासाठी चार पैसे अधिक पडले तर आमची हरकत नाही. मात्र प्रश्न विचारावयाचा तो तिलाही विचारावा, आणि फळीवरील मोठ्या नावासही विचारावा.